भुकटीमावशींची शून्याची पुडी

सेवापुस्तिका, पान पहिले. पदनाम: नमुना-सिद्धता सहायक, श्रेणी दोन. कामाचे स्वरूप: वरिष्ठांनी निर्देशित केलेल्या पाषाणखंडांचे भंजन, दलन व चूर्णीकरण करणे, तसेच सदर चूर्ण पुड्यांत बांधून संबंधितांस सुपूर्द करणे. उंची: एकशे एक्कावन्न सेंटिमीटर. ओळखीची खूण: डाव्या करंगळीवर जुना व्रण. श्रवणशक्ती: उजव्या बाजूने समाधानकारक. अलंकार: कर्तव्यावर असताना निषिद्ध. स्वभाव: रकाना उपलब्ध नाही. सदर पदाचा संशोधनाच्या निष्कर्षांवर होणारा परिणाम: निरंक.

हा मजकूर ज्या बाईंचा आहे त्यांना संस्थेत सगळे भुकटीमावशी म्हणतात. संस्था भूविज्ञानाची. वरच्या तीन मजल्यांवर दगडांविषयी मतं बनतात आणि तळघरात मावशी दगड कुटतात. मतं बदलतात, कुटलेला दगड कुटलेलाच राहतो, त्यामुळे मावशींना आपलं काम वरच्यांपेक्षा टिकाऊ वाटतं. हे त्या बोलून दाखवत नाहीत. जिन्यातून वर पाहताना मात्र ते त्यांच्या चेहऱ्यावर असतं.

खोलीला छतालगत एक लांबट खिडकी आहे. तिच्यातून रस्त्यावरची फक्त पावलं दिसतात. मावशी बुटांवरून माणसं ओळखतात आणि टाच कुठल्या अंगाने झिजलीय यावरून त्यांचे स्वभाव. कोपऱ्यात जबडा आहे. यंत्राचं छापील नाव लांबलचक आहे, पण ते दगड चावतं म्हणून जबडा. मूठभर दगड आत टाकला की वाटाण्याएवढे तुकडे बाहेर येतात. मावशींचा डावा कान या जबड्यानेच खाल्ला. मग ते वाटाणे एका जाड वाडग्यात जातात, त्यात एक भरभक्कम चकती असते, झाकण घट्ट बसवून यंत्र वाडगा गदागदा हलवतं आणि वीस मिनिटांनी आतून पीठ निघतं. बोटांत चोळलं आणि कणाचा भासही झाला नाही, तर पीठ झालं. तोवर दगड.

दारावर पाटी आहे: यंत्र चालू असताना दार उघडू नये. यंत्र सदा चालू, त्यामुळे दार कुणी उघडत नाही. श्रेणी एकच्या माणसाला दारावर स्वतःच्या नावाची पाटी मिळते. पितळी, दोन स्क्रूची. मावशी बावीस वर्षं श्रेणी दोनमध्ये होत्या आणि ती पाटी कुठे लागेल ती जागा त्यांनी पेन्सिलीने आखून ठेवली होती. दर रंगकामात ती खूण पुसली जाई. दर रंगकामानंतर मावशी ती पुन्हा आखत.

घरीही दळणच. मावशींचे यजमान पिठाची गिरणी चालवतात. लग्न झालं तेव्हा सासूबाईंनी सुनेच्या नोकरीची चौकशी केली होती आणि उत्तर ऐकून मुलाकडे बघत म्हणाल्या होत्या, "बरं झालं. तू धान्य संपवशील, ही डोंगर संपवेल." त्यानंतर त्यांनी या विषयावर मत दिलं नाही, आधीचंच पुरेसं होतं. पण मावशींची सगळी विद्या त्या गिरणीतलीच. मक्यानंतर गहू दळायचा झाला तर पहिली मूठ बाजूला काढायची, कारण त्या मुठीत गहू कमी आणि मका जास्त असतो. गिऱ्हाइकाला ते कळत नाही, म्हणून तर काढायची, असं यजमानांचं म्हणणं.

मावशींनी हा नियम तळघरात आणला. एक दगड झाला की वाडग्यात स्वच्छ पांढरी वाळू टाकून फिरवायची, म्हणजे आधीच्या दगडाचं जे काही चिकटलं असेल ते वाळूबरोबर निघून जातं. हे बहुतेक ठिकाणी करतात. मावशी एक पाऊल पुढे जात. वाळूत काहीच नसतं, नुसती चकाकी. म्हणून प्रत्येक खेपेच्या शेवटी तीच वाळू आणखी एकदा दळून त्या एक पुडी बांधत, तिच्यावर पेन्सिलीने मोठं शून्य काढत आणि दगडांच्या पुड्यांबरोबर यंत्रखोलीत पाठवून देत. यंत्राने त्या पुडीत काही शोधून काढलं तर समजायचं की ते दगडातलं नाही, आपल्या खोलीतलं आहे. बावीस वर्षांत यंत्राला काही मिळालं नव्हतं. अहवालात शून्याच्या ओळीत धातूंच्या आकड्यांच्या जागी नुसत्या आडव्या रेघा असत. त्या रेघांकडे मावशी अशा पाहत, जशी एखादी आई मुलाच्या प्रगतिपुस्तकाकडे पाहते. वरच्या मजल्यांवर या पुडीचा अर्थ कुणाला नीट ठाऊक नव्हता. काही माणसं जिना चढताना कठड्याला दोनदा हात लावतात, तसलंच काहीतरी असेल असा सर्वसाधारण समज होता.

त्यांच्या आधी या खोलीत एक गृहस्थ होते. त्यांच्या अंगठीचा नखाएवढाही नसेल इतका कीस एका पुडीत गेला आणि दुसऱ्या मजल्यावर तीन दिवस सोन्याची खाण सापडल्याचा जल्लोष चालला. गृहस्थांची बदली ग्रंथालयात झाली. अंगठ्या ते अजून घालतात, तिथे चालतं.

आता थोरल्या सरांविषयी. सर विभागप्रमुख. त्यांनी उभं आयुष्य एका वाळवंटात घालवलं, म्हणजे वर्षातले तीन महिने वाळवंटात आणि नऊ महिने त्याविषयी बोलण्यात. त्या वाळवंटाच्या मधोमध काळ्या-हिरव्या दगडांचा एक लांबच लांब पट्टा आहे. हे दगड म्हणजे सत्तर कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. नंतर तो दाबला गेला, भाजला गेला, दुमडला गेला, आणि शेवटी उन्हात पडून त्याच्यावर काळी तुकतुकीत साय धरली. मावशी कधी वाळवंटात गेल्या नव्हत्या. वाळवंटच गोणीत बसून त्यांच्याकडे येई. आलं की त्या आधी हातोडीने ती साय उडवून लावत. वरचं कातडं खोटं बोलतं, असं त्या म्हणत, आणि यावर तिन्ही मजल्यांचं एकमत होतं.

प्रश्न असा, की हा लाव्हा उसळला कशामुळे. दोन शक्यता. एक म्हणजे जमीन मधोमध फाटत होती आणि फटीतून तो वर आला. दुसरी म्हणजे तिथे समुद्र होता, आणि समुद्राचा तळ शेजारच्या जमिनीखाली घुसून बुडत होता. तळ बुडताना त्यातलं पाणी पिळून वर येतं आणि येताना पुष्कळ मूलद्रव्यं सोबत घेऊन येतं, कारण बहुतेक मूलद्रव्यं भिडस्त, कुणी चल म्हटलं की निघणारी. नायोबियम आणि टँटलम ही जुळी भावंडं मात्र हट्टी. ती पाण्याबरोबर येत नाहीत, खालीच बसून राहतात. त्यामुळे अशा ठिकाणच्या लाव्ह्याचा आलेख काढला की या दोघांच्या जागी खड्डा दिसतो. खड्डा दिसला की समुद्र होता, हे सरांचं वाक्य. नसलेल्या धातूवरून नसलेला समुद्र सिद्ध करायचा, हा धंदा सरांना इतका आवडे की तो समजावून सांगताना ते टेबलावर बसत आणि पाय हलवत.

अठ्ठावीस वर्षांपूर्वी सरांनी अकरा दगडांवरून हा समुद्र मांडला होता. दालनातल्या भिंतीवर वाळवंटाचा मोठा नकाशा होता आणि त्यात मधोमध निळी पट्टी, सरांनी स्वतःच्या हाताने रंगवलेली. विरोधकांचं म्हणणं, अकरा दगडांत समुद्र होत नाही, फार तर डबकं होतं. म्हणून निवृत्तीच्या आधी सरांनी आपल्या शेवटच्या विद्यार्थिनीला प्रबंधासाठी तोच पट्टा दिला. ही पोरगी चुरचुरीत. गोणी स्वतः पाठीवर घेऊन तळघरात उतरायची आणि आल्या आल्या मावशींच्या उजव्या बाजूला उभी राहून बोलायची, हे तिला कुणी सांगावं लागलं नव्हतं. एकतीस दगड तिने आणले.

नेमका तेव्हाच मावशींचा वाडगा तडकला. तो अकीकाचा, म्हणजे गारगोटीच्या जातीच्या कठीण दगडाचा होता, जुना, दुधी रंगाचा, आत हात फिरवला तर गालासारखा लागणारा. खरेदी विभागाने तो परत घेतला आणि त्याच्या जागी नवा पाठवला, सोबत पत्र: सदर वाडगा टंगस्टन कार्बाइड या अत्युच्च प्रतीच्या मिश्रधातूचा असून पूर्वीच्या वाडग्यापेक्षा दसपट टिकाऊ आहे. वाडगा करड्या रंगाचा, आणि दिसायला लहान असून उचलायला दोन माणसं लागणारा. मावशींनी पहिला दगड टाकला. दोन मिनिटांत पीठ. त्यांनी घड्याळ तपासलं, दुसरा टाकला. पुन्हा दोन मिनिटं. त्या दिवशी घरी जाऊन त्यांनी यजमानांना वाडग्याविषयी इतकं सांगितलं की सासूबाईंनी विचारलं, नवं माणूस आलंय का हापिसात. नियम असा होता की नवा वाडगा आला की आधी एकट्या शून्याची पुडी पाठवायची आणि तिच्या रेघा आल्याशिवाय दगडाला हात लावायचा नाही. नियम मावशींनीच केलेला. पण दोन मिनिटांचं पीठ ही चीज अशी की माणसाचा पाय जमिनीवर राहत नाही. त्यांनी सगळे एकतीस दगड आधी उडवले आणि शून्याची पुडी शेवटी, त्यांच्यासोबतच पाठवली. नोंदवहीत मात्र प्रामाणिकपणे लिहिलं: नवा वाडगा. नोंदवही कुणी वाचत नाही.

निकाल आले. खड्डा नव्हता. जिथे खड्डा हवा तिथे चक्क टेकाड होतं. त्या वर्षी यंत्राची मापनं नायोबियमसाठी जुळवलेली नव्हती, त्यामुळे सगळी भिस्त दुसऱ्या भावावर, टँटलमवर होती, आणि टँटलम भरभरून निघालं. पोरीने तीन वेळा आलेख काढला. मग तो सरांसमोर ठेवला आणि खिडकीकडे बघत उभी राहिली.

सर प्रामाणिक माणूस. त्यांनी आरडाओरडा केला नाही. ब्राउन पेपरची एक पट्टी कापली, तिला खळ लावली आणि नकाशावरच्या निळ्या पट्टीवर चिकटवून टाकली. अठ्ठावीस वर्षं जपलेल्या समुद्रावर त्यांनी पाणी सोडलं. निरोपाच्या व्याख्यानाचं शीर्षकही त्यांनी त्याच दिवशी छापायला दिलं: ‘एक चूक: अठ्ठावीस वर्षे’. त्यानंतर ते भयंकर आनंदी झाले. येणाऱ्याजाणाऱ्याला पुस्तकं वाटू लागले. शिपायाला भूरसायनशास्त्राचे दोन खंड मिळाले. तो ते उशाला घेतो आणि समाधानी आहे.

एका दुपारी सर तळघरात उतरले, उपड्या पिंपावर बसले आणि मावशींना म्हणाले की बावीस वर्षं तुम्हाला उगाच त्रास दिला, समुद्र नव्हताच. मावशींनी हात पुसले. त्यांना समुद्राचं फारसं काही नव्हतं, पण या माणसाचे बूट त्या बावीस वर्षं खिडकीतून बघत होत्या. टाचा दोन्ही बाजूंनी सारख्या झिजलेल्या, असं क्वचित असतं. त्या दिवशी पहिल्यांदाच ते बूट घासत चालत गेले.

पुढच्या आठवड्यात गुरुवारी श्रेणी एकसाठी मावशींची मुलाखत होती. पाच वर्षांतून एकदा निघते ती. मंडळावर तिघं: आस्थापना अधिकारी, शेजारच्या इमारतीतले एक रसायनवाले, आणि पदसिद्ध सदस्य म्हणून थोरले सर. प्रश्न छापील असतात आणि सगळ्यांना ठाऊक असतात. नववा प्रश्न असा: सेवाकाळात आपल्या हातून नमुना दूषित झाल्याची घटना घडली आहे काय? उत्तर ‘नाही’ असावं लागतं. मावशींचं होतं. बावीस वर्षांच्या रेघा त्याला साक्ष होत्या.

बुधवारी दुपारी पोरगी अहवालाची प्रत घेऊन खाली आली, कारण ती नोंदवहीत चिकटवायची असते. मावशींनी सवयीप्रमाणे सगळं सोडून आधी शेवटची ओळ पाहिली. शून्याच्या ओळीत रेघा नव्हत्या. कोबाल्ट: नव्वद. टँटलम: दोन पूर्णांक एक.

पोरगी अजून उभीच होती. मावशींनी तिला विचारलं, ही ओळ कुणी पाहिली का. ती म्हणाली, ती तर तुमची वाळू ना मावशी, तिचं काय पाहायचं. मावशी बरं म्हणाल्या, प्रत चिकटवली, आणि मग करड्या वाडग्यासमोर खुर्ची ओढून बराच वेळ बसून राहिल्या. वाळूत टँटलम नसतं. कोबाल्ट तर नसतंच. ते वाडग्यातून आलं होतं. अत्युच्च प्रतीचा वाडगा दगडाबरोबर स्वतःही थोडा थोडा दळला जात होता, आणि स्वतःतलं टँटलम सरांच्या खड्ड्यात नेऊन ओतत होता. समुद्र यंत्राने बुजवला नव्हता, विरोधकांनी नव्हता. तो दोन-दोन मिनिटांच्या एकतीस खेपांत मावशींनी बुजवला होता.

संध्याकाळी त्यांनी हे यजमानांना सांगितलं. यजमान गिरणीचा पट्टा काढून ठेवत होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न धंद्यातला विचारला, की दगड संपले का. मावशी म्हणाल्या, प्रत्येक दगडाचा निम्मा भाग मी डब्यात राखून ठेवते. मग जीव गेल्यासारखं काय करतेस, असं म्हणून त्यांनी उपाय सांगितला: उद्या मुलाखत होऊ दे, परवा सांग. समुद्र सत्तर कोटी वर्षं थांबलाय, आणखी एक दिवस थांबेल. सल्ला बिनतोड होता. मावशींना त्यात काहीही चूक सापडेना, आणि म्हणूनच त्यांना जेवण जाईना. सासूबाई हे सगळं आतल्या खोलीतून ऐकत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "मक्याची मूठ गव्हात गेली तर हा गिऱ्हाइकाला कधी सांगतो? पीठ न्यायच्या आधी की भाजून खाल्ल्यावर?" यजमान म्हणाले, आई, तू झोप.

गुरुवारी अकरा वाजता मावशी मुलाखतीला गेल्या. केस नीट बसवलेले, हात कोरे, बोटांत काही नाही. लांब टेबलाच्या पलीकडे मंडळ. सर हसतमुख, म्हणजे त्या दिवसांत जसे असत तसे. पहिले आठ प्रश्न झाले. आस्थापना अधिकाऱ्यांनी नववा वाचला आणि ‘नाही’ असं लिहायला पेन टेकवलंही.

"हो," मावशी म्हणाल्या. "एकतीस."

अधिकाऱ्यांनी पेन उचललं. त्यांनी समजावलं की बाई, इथे हो किंवा नाही एवढंच चालतं, संख्येला जागा नाही. मावशी म्हणाल्या, मग हो. रसायनवाल्यांनी कुतूहलाने विचारलं, कधीची गोष्ट. मावशींनी सांगायला सुरुवात केली: जुना वाडगा तडकला, नवा आला, दोन मिनिटांत पीठ व्हायला लागलं, आणि मी शून्याची वाट पाहिली नाही. त्या टेबलाच्या कडेशी बोलत होत्या. शून्यात टँटलम निघालंय, दोन पूर्णांक एक.

सर तोवर व्याख्यानाच्या आमंत्रणपत्रिकेवर रेघोट्या ओढत होते. त्यांचा हात थांबला.

"कुठला वाडगा?"

"नवा, सर."

"करडा?"

"करडा. जड. दोन माणसं लागतात उचलायला."

रसायनवाल्यांनी डोळे मिटले, आणि मिटलेल्या डोळ्यांनीच म्हणाले, "टंगस्टन कार्बाइड." आस्थापना अधिकारी दोघांकडे आळीपाळीने बघत राहिले. ही काही गंभीर शिस्तभंगाची बाब आहे की दोघांना एकदम काही बाधलंय, याचा त्यांना अंदाज येईना. आणि सर हसायला लागले. आधी खांदे हलले, मग टेबल, मग टेबलावरचा पाण्याचा पेला. ते उठले, आस्थापना अधिकाऱ्यांचा हात दोन्ही हातांत धरून गदागदा हलवला आणि समुद्राबद्दल त्यांचं अभिनंदन केलं. अधिकारी उभे राहून आभारी आहे म्हणाले, कारण दुसरं काय म्हणणार. सर मावशींसमोर आले. मावशींना वाटलं, आता ग्रंथालय.

"मावशी," सर म्हणाले, "तुम्ही माझा समुद्र बुडवला होता हो."

आणि जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरून तळघराकडे पळाले. वय वर्षं साठ, पण जिन्याशी कुणी असतं तर त्यांचे बूट बघत राहिलं असतं. मुलाखतीला अजून तीन प्रश्न बाकी होते. अधिकाऱ्यांनी ते रिकाम्या खुर्चीला विचारावेत की कसं, हे तपासण्यासाठी नियमपुस्तिका मागवली. मावशी समोरच बसल्या होत्या, पण मंडळाची गणसंख्या मोडली होती.

तळघरात सरांनी बाह्या सरसावल्या होत्या आणि डबा कुठे आहे विचारत होते. पोरगीही खबर लागून धावत आली, तिचे दोन्ही डोळे लाल आणि तोंडभर हसू. अकीकाचा मोठा वाडगा नव्हता, पण हाताने घोटायचा अकीकाचा जुना खल कपाटात होता. सरांनी पहिला दगड उचलला. मावशींनी तो त्यांच्या हातातून काढून घेतला.

"आधी शून्य."

सर म्हणाले, मावशी, एकच, अगदी लहानसा. मावशी म्हणाल्या, शून्य येऊ दे. विभागप्रमुखाला तळघरातून बाहेर काढण्याची सोय सेवापुस्तिकेत नाही, पण मावशींनी यंत्र सुरू केलं आणि दारावरच्या पाटीकडे बोट दाखवलं. सर निमूट बाहेर गेले. वाळू घोटून पुडी वर गेली, तिच्यावर शून्य नेहमीपेक्षा मोठं. निकालाला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत सर तळघराच्या दाराशी सतरा वेळा आले, पोरीने मोजलं. एकदा ते मावशींना म्हणाले की माझं समाधान म्हणून एखादा दगड नुसता खलात ठेवून बघू, घोटायचा नाही. मावशींनी त्यांना चहा दिला आणि दार लावलं.

सोमवारी दुपारी शून्याची ओळ आली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रेघा. मावशींचा जीव भांड्यात पडला, आणि त्यांनी खल सरांच्या पुढ्यात सरकवला.

पुढचे दिवस संस्थेच्या इतिहासात नोंदलेले नाहीत, कारण ज्यांनी नोंदवायचे ते सगळे घोटत होते. हाताने एका दगडाचं पीठ करायला दीड तास लागतो. सर घोटत, पोरगी घोटे, रसायनवाले आपण होऊन येऊन घोटत आणि मध्येच म्हणत, टँटलम, वा. मावशी घोटत नव्हत्या. त्या फिरून प्रत्येकाचं पीठ बोटांत चोळत आणि नापास करत. सरांचं पहिलं पीठ चार वेळा नापास झालं. आठवड्याच्या सुट्टीला गिरणी बंद होती म्हणून यजमानही आले. सरांनी त्यांची बाह्य तज्ज्ञ म्हणून ओळख करून दिली. त्यांनी चिमूटभर लाव्हा अंगठ्यावर घेतला, उजेडात धरला आणि गंभीरपणे म्हणाले, हा जात्यावर चांगला आला असता. यावर सर इतके हसले की त्यांचं पीठ पाचव्यांदा वाया जाण्याच्या बेतात होतं. खिडकीपाशी रस्त्यावरचे बूट थांबू लागले. आतून येणाऱ्या हास्याचा आणि घर्रघर्र आवाजाचा मेळ कुणाला लागेना.

एकतीस पुड्या गेल्या, बत्तिसावी शून्याची. निकाल आला तेव्हा सर तो स्वतः वाचायला तयार होईनात. पोरीने वाचला. शून्यात रेघा. एकतीस दगडांत टँटलम इतकं कमी, की आलेख काढल्यावर पेन्सिल खड्ड्यात उतरली आणि पलीकडून वर आली. एकतीसच्या एकतीस वेळा. सर टेबलावर बसले आणि पाय हलवू लागले.

व्याख्यानाच्या पत्रिका छापून झाल्या होत्या. सरांनी त्या वाया घालवल्या नाहीत. प्रत्येक पत्रिकेवर ‘अठ्ठावीस वर्षे’ हाताने खोडून ‘एकोणीस दिवस’ असं लिहिलं. व्याख्यानात त्यांनी पाऊण तास टँटलमवर आणि पंधरा मिनिटं शून्याच्या पुडीवर घालवली. मावशी शेवटच्या रांगेत, उजवा कान व्यासपीठाकडे करून बसल्या होत्या. शेजारी यजमान, त्यांच्या शेजारी सासूबाई, ज्या टाळ्या संपल्यावर विचारत्या झाल्या की एवढं कौतुक चुकल्याचं की सांगितल्याचं. मावशी म्हणाल्या, पुडीचं.

दरम्यान मुलाखतीचा निर्णय आला होता. उमेदवाराने प्रश्न क्रमांक नऊचे होकारार्थी उत्तर दिल्याने, तसेच उर्वरित प्रश्न अनुत्तरित राहिल्याने, पदोन्नतीचा विचार पुढील खेपेस करण्यात येईल. विभागप्रमुखांचे वेगळे टिपण चार पानांचे असल्याने जोडता आले नाही. करडा वाडगा आता खोलीचं दार उघडं राहावं म्हणून दाराला टेकवलेला असतो. त्या कामी तो खरोखरच दसपट टिकाऊ आहे. दाराच्या चौकटीवर पेन्सिलीची खूण पुन्हा आखलेली आहे.

सेवापुस्तिकेचं नवं पान जुन्या पानावरून जसंच्या तसं उतरवण्यात आलं. पदनाम: नमुना-सिद्धता सहायक, श्रेणी दोन. अलंकार: निषिद्ध. सदर पदाचा संशोधनाच्या निष्कर्षांवर होणारा परिणाम: निरंक.

सरांच्या दालनातल्या नकाशावरची ब्राउन पेपरची पट्टी त्यांनीच ओल्या फडक्याने सोडवून काढली. खालची निळी पट्टी शाबूत असून सव्वादोन सेंटिमीटर रुंद आहे.